सबबी काढून घेणारा सिनेमा

नायक दाढी वाढवून खिडकीशी उभा आहे, दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही, बाहेर पाऊस, आणि शेवटी त्याचं काय झालं याचा पत्ता लागत नाही. एवढं जमलं की सिनेमा 'अस्तित्ववादी' ठरतो. परीक्षणांत, रील्समध्ये, कॉलेजच्या फिल्म क्लबातल्या चर्चांत हे विशेषण इतक्या सढळ हाताने वाटलं जातं की आता त्यात 'उदास आणि संथ' याहून जास्त काही उरलेलं नाही. फारच कौतुक करायचं असेल तर 'उदास, संथ आणि परदेशी'.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर सोडून दिला असता. पण त्यापायी एक चांगला धारदार विचार बोथट होतो. जग निरर्थक आहे, तेव्हा हात झटकून मोकळे व्हा, असं अस्तित्ववाद सांगत नाही. तो माणसाच्या हातातल्या सबबी एकेक करून काढून घेतो. सिनेमात तत्त्वज्ञान आहे की नाही हेही मी याच कसोटीवर तपासेन: पडद्यावरच्या माणसाची, आणि त्याच्यासोबत माझी, सबब शिल्लक राहते का?

29 ऑक्टोबर 1945 रोजी फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रने पॅरिसमध्ये अस्तित्ववादावर जाहीर व्याख्यान दिलं. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. जर्मनांच्या ताब्यातून शहर सुटून जेमतेम चौदा महिने झाले होते. सभागृहातल्या प्रत्येकाने ती चार वर्षं कशीबशी काढली होती. कुणी लढले होते, कुणी शेजाऱ्याची चुगली केली होती, बहुतेकांनी मान खाली घालून आपापली कामं उरकली होती. पुढच्याच महिन्यात न्यूरेम्बर्गला नाझी पुढाऱ्यांवरचा खटला उभा राहणार होता आणि 'आम्ही फक्त हुकूम पाळला' हा बचाव जगाच्या कानावर पडणार होता. अशा वेळी सार्त्र काय म्हणाला? कागद कापायची सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात ती कशासाठी हे आधी ठरलेलं असतं, सुरी नंतर घडते. माणसाचं उलटं आहे. तो आधी जगात येऊन पडतो आणि मग आपल्या कृतींतून स्वतःला घडवतो. त्याला आधीपासून नेमून दिलेला स्वभाव नाही, हेतू नाही. म्हणून 'मी मुळातच असा आहे', 'माझ्या हातात काय होतं' या वाक्यांमागे त्याला लपता येत नाही. हे ऐकणाऱ्यांना चटका लागला असेल तर नवल नाही.

त्याच व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. मुलाचा थोरला भाऊ 1940 च्या जर्मन चढाईत मारला गेलेला, वडील शत्रूकडे झुकलेले, आई त्याच्याच आधारावर जगणारी. मुलाला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हायचं होतं. आईजवळ राहावं की जावं? सार्त्रने त्याला सांगितलं, तू मोकळा आहेस, तूच ठरव. यावर आपण सहज म्हणू, ही काय मदत झाली? पण सार्त्रची पुढची मेख खरी आहे. तू सल्ला मागायला पाद्र्याकडे गेलास तरी कुठल्या पाद्र्याकडे जायचं हे तूच निवडणार, आणि तो काय सांगेल याची तुला आधीच थोडीफार कल्पना असणार. सल्लागार निवडणं हीही निवडच.

आपल्याकडे हा विचार रुजला तो मुख्यतः साहित्यातून, साठच्या दशकाच्या आगेमागे. तेव्हाच्या समीक्षेत त्याच्यासोबत परात्मता, तुटलेपण, निरर्थकता हे सगळं आलं आणि टिकलं. जबाबदारी मात्र वाटेतच कुठेतरी गळाली. फ्रेंच लेखक काम्यूने स्वतःवरचा अस्तित्ववादी हा शिक्का नाकारला होता आणि ज्याला या विचाराचा आद्य पुरुष मानतात तो किर्केगार्द श्रद्धाळू ख्रिश्चन होता, हे तपशील तर कुणाच्या खिजगणतीतही नाहीत. उरला तो एक मूड. तो मूड सिनेमाला फार सोयीचा आहे, कारण मूड चित्रित करता येतो.

निर्णय कसा चित्रित करायचा हा खरा प्रश्न आहे. पात्रांच्या तोंडी तत्त्वज्ञान घालणं हा सोपा मार्ग. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने 1962 च्या 'विव्हर सा व्ही'मध्ये ब्रिस पारँ या खऱ्याखुऱ्या तत्त्वज्ञालाच कॅफेत नायिकेसमोर आणून बसवलं आणि भाषा, विचार, प्रेम यांवर बोलतं केलं. ते दृश्य गोड आहे. तरी माझ्या मते सिनेमाचा भार त्याच्यावर नाही. तो आधीच्या आणि नंतरच्या प्रसंगांत त्या नायिकेचे, नानाचे, पर्याय कसे एकेक करून कमी होत जातात यावर आहे. 'द मेट्रिक्स'सारख्या सिनेमाबद्दल तर बोलायलाच नको. सत्य दाखवणारी लाल गोळी की भ्रमात ठेवणारी निळी, हा प्रश्न ऐकायला भारदस्त वाटतो, पण तिकीट काढून आलेल्या कुठल्या प्रेक्षकाला नायकाने निळी गोळी घ्यावी असं वाटत होतं?

स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'चं (1957) पोस्टरवरचं दृश्य सगळ्यांना ठाऊक असतं: समुद्रकिनारी मृत्यूबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेला सरदार. त्याच्यावर विडंबनंही ढीगभर झाली. पण त्या सिनेमाचं मर्म मला नंतरच्या एका क्षणात दिसतं. देव आहे का, याचं उत्तर सरदाराला शेवटपर्यंत मिळत नाही. वाटेत मात्र त्याला एक भटकं नटाचं कुटुंब भेटतं, नवरा, बायको, तान्हं मूल, आणि ते त्याला रानातल्या स्ट्रॉबेऱ्या आणि दूध देतात. पुढे डाव हरत आलेला असताना सरदार मुद्दाम सोंगट्या उधळतो. मृत्यूचं लक्ष तेवढ्यापुरतं पटावर अडकतं आणि ते कुटुंब निसटतं. उत्तर मिळालेलं नाही, तरी त्याने एक काम केलं. मोठ्या प्रश्नावर अख्खा सिनेमा घालवल्यावर बर्गमन त्याच्या हातून एवढीशीच गोष्ट करवतो, आणि ती पुरते.

पण मला कुणी एकच सिनेमा सुचवायला सांगितला तर मी जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू' (1952) सांगेन. त्यात सरदार नाही, समुद्र नाही, नगरपालिकेचं कार्यालय आहे. सुरुवातीलाच पडद्यावर एका पोटाचा एक्स-रे येतो आणि निवेदक सांगतो की या माणसाला कॅन्सर आहे, पण त्याला अजून माहीत नाही. मग दिसतात वातानाबेसाहेब, विभागप्रमुख, फायलींच्या डोंगरांमागे बसून शिक्के मारणारे. शिक्का पुसायला ते खणातून एक जुना कागद काढतात आणि फाडतात. तो कागद म्हणजे कार्यालयाचं काम सुधारण्यासाठी त्यांनीच कधीकाळी लिहिलेला प्रस्ताव. एकही शब्द न बोलता तीस वर्षांचा हिशेब मांडून होतो. तिकडे काही बायका वस्तीतलं घाण पाण्याचं डबकं बुजवून मुलांसाठी बाग करा असा अर्ज घेऊन आलेल्या असतात. त्यांना या विभागातून त्या विभागात, तिथून तिसरीकडे, असं फिरवत फिरवत पुन्हा पहिल्याच खिडकीशी आणून सोडलं जातं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत ज्याने एक दाखला काढलाय त्याला या प्रसंगासाठी सबटायटल लागणार नाहीत.

आजार कळल्यावर वातानाबे आधी रात्रभर दारू, नाच, जुगार असं सगळं करून बघतात. मग नोकरी सोडून खेळण्यातले ससे बनवण्याच्या कारखान्यात गेलेल्या एका मुलीच्या मागे मागे फिरतात, तिच्यात एवढा जीव कुठून येतो म्हणून. उत्तर असं मिळत नाहीच. पण एका रेस्तराँमध्ये बोलता बोलता त्यांच्या मनात येतं की आपणही काहीतरी करू शकतो, अजून वेळ गेलेली नाही. ते घाईघाईने जिना उतरतात आणि त्याच वेळी वरच्या बाजूला जमलेली मुलं दुसऱ्याच कुणाचं तरी 'हॅपी बर्थडे' गायला लागतात. कुरोसावा इथे जरा जास्तच दाबून सांगतो असं वाटू शकतं. मला ते चालतं.

खरी हुशारी पुढे आहे. सिनेमाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग बाकी असताना वातानाबे मरण पावल्याचं आपल्याला कळतं. बाग कशी झाली हे त्यांच्या श्राद्धाला जमलेल्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून तुकड्या तुकड्याने समजतं. कुणी म्हणतं श्रेय उपमहापौरांचं. कुणी म्हणतं योगायोग. हळूहळू दारू चढते, डोळे भरून येतात, आपणही उद्यापासून वातानाबेंसारखं काम करायचं अशा शपथा होतात. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडतं. एक अर्ज येतो आणि नवे विभागप्रमुख तो दुसऱ्या विभागाकडे पाठवायला सांगतात. एक कारकून ताडकन उठून उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो पुन्हा बसतो आणि फायलींच्या ढिगामागे दिसेनासा होतो.

मरणाच्या जाणिवेने माणूस जागा होतो, इथवर सिनेमा थांबला असता तर ती एक हृद्य बोधकथा झाली असती. कुरोसावा ती सोयही ठेवत नाही, कारण 'मला कॅन्सर झाला तर मीही बदलेन' ही प्रेक्षकाची हमखास सबब असते. त्या उभं राहून बसलेल्या कारकुनाला कॅन्सर नाही. त्याला फक्त उद्याचा दिवस ढकलायचा आहे.

हे सारं मराठीत कुठे सापडतं? उमेश कुलकर्णीच्या 'विहीर'चं (2009) नाव लगेच सुचतं. प्रश्न विचारणारा भाऊ निघून गेल्यावर ते प्रश्न मागे राहिलेल्या मुलाच्या अंगावर कसे येऊन पडतात, हे तो सिनेमा फार हळुवारपणे दाखवतो. पण मी ज्याला सबबी काढून घेणारा सिनेमा म्हणतोय त्याचं सगळ्यात नेमकं उदाहरण चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) आहे, आणि त्याला अस्तित्ववादी म्हटलेलं मी क्वचितच ऐकलंय. तो 'सामाजिक' खणात टाकला गेला. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्या माणसावरचा सिनेमा सामाजिक असतो आणि बंगल्यात कंटाळलेल्या माणसावरचा तात्त्विक.

गोष्ट माहीत असेलच. नारायण कांबळे या वयस्कर लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे मॅनहोल साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. खटला खोटा आहे हे कुणालाही दिसतं. तरीही तो चालत राहतो, कारण त्यातला प्रत्येकजण आपापलं काम करत असतो. सार्त्रने 1943 च्या आपल्या ग्रंथात कॅफेतल्या वेटरचं वर्णन केलं आहे. त्याचं झुकणं, ट्रे सावरणं, चालणं सगळं जरा जास्तच वेटरसारखं आहे, जणू त्याच्यात वेटरखेरीज दुसरं काही नाहीच. माणूस स्वतःला वस्तू समजू लागतो, म्हणजे मग त्याला काही ठरवावं लागत नाही. 'कोर्ट'मधल्या सरकारी वकील नूतनबाई एका सुरात कायद्याची कलमं वाचत जातात तेव्हा मला तो वेटर आठवतो. त्या दुष्ट नाहीत. दिग्दर्शक त्यांच्याबरोबर लोकलमध्ये बसतो, पाळणाघरातून मूल घेतो, घरी स्वयंपाक करताना त्यांना बघतो, सहकुटुंब नाटकालाही जातो. आपल्याला त्या आवडायला लागतात. गीतांजली कुलकर्णींनी त्या इतक्या ओळखीच्या केल्या आहेत की आपल्याच सोसायटीत राहत असतील असं वाटतं. याच बाई एका माणसाला वर्षानुवर्षं आत ठेवण्याचं काम करतात आणि घरी येऊन भाजी फोडणीला टाकतात. न्यायाधीश एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात, कारण तिने बिनबाह्यांचा कपडा घातलाय. नियम आहे, त्यांचा काय दोष?

आता एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. स्वातंत्र्य, निवड, जबाबदारी या गोष्टी पोट भरलेल्यांच्या आहेत. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याला कसली निवड? सार्त्रला 1945 साली मार्क्सवाद्यांनी जवळजवळ हेच विचारलं होतं, आणि सुरुवातीच्या सार्त्रकडे याला समाधानकारक उत्तर होतं असं मला वाटत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारकडे होतं. 1947 च्या तिच्या नीतिविषयक पुस्तकात ती म्हणते की काही माणसांना निवडीची शक्यताच दिसू दिलेली नसते, आणि म्हणूनच माझं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या स्वातंत्र्याशी बांधलेलं आहे. दोन वर्षांनी स्त्रीच्या स्थितीवर लिहिताना तिने हेच सूत्र पुढे नेलं.

'कोर्ट'मधली मृत कामगाराच्या बायकोची साक्ष याच्याशी लावून बघा. तिला साधे प्रश्न विचारले जातात, ती साधी उत्तरं देते. खाली उतरण्याआधी तो मॅनहोलमध्ये दगड टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत श्वास घेता येईल असं समजायचं. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. आतल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. सुरक्षेची साधनं मिळत नव्हती. बाईच्या आवाजात चढउतार नाही. कोर्टात कुणी हुंदका देत नाही. इथे 'त्याने ती नोकरी निवडलीच का' असं विचारणारा माणूस अस्तित्ववादी नव्हे, निर्लज्ज ठरेल. निवडीचा प्रश्न खोलीतल्या बाकी सगळ्यांना आहे: लिहून घेणाऱ्याला, वाचणाऱ्याला, तारीख देणाऱ्याला. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 साली झाला. त्यानंतरही माणसं गटारात गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण चहा पिता पिता वाचतो. म्हणजे खोलीत मीही आहे.

याच्या शेजारी एक दुसरा, अतिशय लोकप्रिय प्रकार ठेवून बघू. नोकरीत घुसमटलेला तरुण, परदेशातला प्रवास, एक मुलगी, आणि मग 'खरा मी' सापडणं. इम्तियाज अलीचा 'तमाशा' (2015) हा त्यातला बऱ्यापैकी प्रामाणिक सिनेमा, आणि तो सर्रास अस्तित्ववादी म्हणून मिरवला जातो. पण त्याचं गृहीतक बघा: वेदच्या आत एक अस्सल कथाकार आधीपासून दडलेला आहे, जगाने त्याच्यावर टाय चढवलाय, तो काढला की झालं. हे सार्त्रच्या बरोबर उलट आहे. आत कुणी तयार होऊन बसलेला नाही, असं तो सांगत होता. 'मूळचा मी' हीही एक सबबच, जरा जास्त सुंदर. (कॉर्सिकाचं तिकीट कुणाला परवडतं हा प्रश्न तूर्त सोडून देऊ.) अशा सिनेमांतून बाहेर पडताना आपण हलके होतो, राजीनाम्याचा मसुदा मनात तयार होतो आणि सोमवारी आपण कामावर जातो. 'कोर्ट'मधून बाहेर पडताना असं हलकं वाटत नाही.

यूट्यूबवरच्या 'शेवटाचा अर्थ' उलगडणाऱ्या व्हिडिओंवर माझा राग आहे तो यासाठी. इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीच्या 'टेस्ट ऑफ चेरी'त (1997) बादी नावाचा माणूस तेहरानच्या बाहेरच्या टेकड्यांत गाडी फिरवतो. आपण खड्ड्यात जाऊन झोपल्यावर पहाटे कुणीतरी यावं, हाक मारावी, जिवंत असलो तर हात द्यावा आणि नसलो तर माती लोटावी, असा माणूस तो शोधतोय. त्याला मरायचं का आहे हे सिनेमा कधीच सांगत नाही. कारण सांगितलं असतं तर आपण लगेच निकाल दिला असता: कर्ज होतं, बायको गेली असेल, बिचारा. कारण नसल्यामुळे कॅमेरा त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेल्यांकडे वळतो. सैनिक पोरगा घाबरून पळतो. मदरशातला विद्यार्थी धर्म सांगतो. तिसरा, वयस्कर माणूस, होकार देतो, कारण त्याला आजारी मुलासाठी पैसे हवे आहेत, आणि होकार देऊनही तुतीच्या झाडाची गोष्ट सांगून त्याला परावृत्त करू बघतो. त्या सीटवर मी असतो तर? हा प्रश्न दहा मिनिटांच्या व्हिडिओत 'शेवटचा भाग म्हणजे सिनेमा हे मायाजाल आहे' असं ऐकलं की विरून जातो. सल्लागार मिळाला, आपण सुटलो.

ताम्हाणेंचाच 'द डिसायपल' (2020) मला म्हणूनच मोलाचा वाटतो. शास्त्रीय गायन शिकणारा शरद नेरूळकर रात्री मुंबईच्या रिकाम्या उड्डाणपुलांवरून मोटरसायकल चालवतो आणि कानांत त्याच्या गुरुजींच्या गुरू असलेल्या माईंच्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांचा आवाज घुमत असतो: ही वाट धरायची तर भुकेलं आणि एकटं राहायला शिका. तो आवाज सुमित्रा भावेंचा आहे आणि इतका शांत आहे की त्याच्याशी वाद घालायची हिंमत होऊ नये. संगीतात अपयशी ठरलेले वडील, आजारी गुरुजी, कधी न भेटलेल्या माई. शरदच्या आयुष्यातला एकूण एक निर्णय या तिघांनी आधीच घेऊन ठेवलाय, असं त्याला वाटतं आणि आपल्यालाही. पुढे एक जाणकार त्याला माईंबद्दल नको ते ऐकवतो तेव्हा शरद हातातला ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. तो गुरूचा अपमान सहन झाला नाही म्हणून, असं मानलं जातं. मला वाटतं त्याला भीती वाटली: माई साध्या माणूस निघाल्या तर हे सगळं आपणच निवडलं होतं असं कबूल करावं लागेल.

मग एका मैफलीत तो मध्येच गाणं थांबवतो आणि उठून जातो. बऱ्याच जणांनी हा सिनेमा अपयशाची करुण कहाणी म्हणून पाहिला. माझ्या ओळखीतल्या गाणाऱ्यांनी तर तो पाहून आठवडाभर तोंड पाडलं. माझं मत वेगळं आहे. शरदने त्या सबंध सिनेमात कुणालाही न विचारता घेतलेला हा पहिला निर्णय आहे, आणि तो बरोबर होता की चूक हे सांगायला त्याच्या कानात कुणाचा आवाज नाही.